ऊन विकत घेणे आहे

उन्हात बसायला चार लाख साठ हजार रुपये लागतात, हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. तोपर्यंत मी हा प्रकार फुकट करत आलो होतो. आमच्या वळसंगात पाणी मागावं लागतं, पाऊस मागावा लागतो, कर्ज तर मागावंच लागतं (ते मागणाऱ्यांच्या समोर रोज मीच बसलेला असतो). पण ऊन मात्र कुणी अर्ज न करता, सकाळी सात ते संध्याकाळी सात, दारात आणून टाकलं जातं. सोलापूर जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाची आयुष्यभर एकच धडपड असते, ती म्हणजे सावली शोधण्याची. एस.टी.ची वाट बघताना आम्ही विजेच्या खांबाच्या सावलीतसुद्धा एकामागे एक उभे राहतो. परक्या माणसाला वाटतं, काय शिस्त आहे!

अशा गावात, आमच्या घराला एक ‘सनरूम’ जोडायची, असं आमच्या मेव्हण्याने ठरवलं. मेव्हणा पुण्याला असतो. पुण्यात बसून दुसऱ्याच्या घराबद्दल काहीही ठरवता येतं.

घडलं ते असं. मागच्या जानेवारीत तो सिद्धेश्वराच्या गड्ड्याला सोलापुरात आला आणि बहिणीला भेटायला म्हणून पुढे वळसंगला. सकाळची वेळ. थंडी होती, आमच्याकडे वर्षातून पंधरा-वीस दिवस पडते, ती. ओसरीवर पाय लांब करून, पाठीवर ऊन घेत, शेंगापोळी खात तो म्हणाला, “दाजी, ही एवढी जागा नुसती वाया चाललीय बघा.”

ज्याच्यावर खर्च होत होती ते बघता ती जागा, ते ऊन आणि ती पोळी वाया चालली होती, हे खरंच होतं. पण त्याच्या मनात तसं नव्हतं. त्याच्या मनात सनरूम होती.

सनरूम म्हणजे काय, हे ज्यांना मेव्हणा नाही त्यांच्यासाठी सांगतो. घराच्या एका अंगाला खोली काढायची. तिच्या तीन भिंती काचेच्या, ऐपत असेल तर छतही काचेचं. आत वेताच्या खुर्च्या, कुंड्या आणि एक जाडजूड पुस्तक. माहितीपत्रकातल्या चित्रात तिथे एक बाई हातात वाफाळता मग धरून हसत बसलेली असते. कपाळावर घामाचा थेंब नाही. मला शंका आली ती तिथेच.

माझा या खोलीला विरोध आहे. घरात आपण बायकोला करतो तसला विरोध नव्हे. जाहीर, लेखी, सही-शिक्क्यानिशी विरोध आहे. आणि तो मी शक्य तितक्या मोठ्या आवाजात नोंदवणार आहे, कारण ही साथ आता पुण्याहून निघून टेंभुर्णी-मोहोळ करत सोलापुरात शिरली आहे आणि अक्कलकोट रस्त्याला लागली आहे.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, भर दुपारी अडीचला, त्या कंपनीचा मुलगा आमच्याकडे आला. गळ्यात टाय, हातात टेप, बगलेत माहितीपत्रक. पंचविशीतला असेल. मेव्हण्याने परस्पर त्याला पत्ता दिला होता. त्याने माझ्यापुढे सनरूमचे चार प्रकार मांडले आणि “सर, यातला टाईप फक्त सांगा” म्हणाला. म्हणजे खोली घ्यायची हे ठरलेलंच होतं, माझ्याकडे फक्त टाईप सोपवला होता. लग्नातही आमच्या वेळी असंच झालं होतं.

पहिला प्रकार ‘थ्री सीझन’. ही खोली तीन ऋतूंत वापरायची आणि चौथ्यात बंद ठेवायची. चौथा कोणता, असं मी विचारलं. “हिवाळा, सर. बर्फ पडतो तेव्हा.” आता आमच्याकडे बाहेर बसण्यालायक जो एकच ऋतू आहे, तोच नेमका या खोलीच्या सुट्टीचा. दुसरा प्रकार ‘फोर सीझन’. दुहेरी काच, आत एसी, बारा महिने वापरा. मी म्हटलं, “बाळा, वळसंगला ऋतू दोन. एक उन्हाळा आणि दुसरा पावसाची वाट बघणे. उरलेल्या दोन ऋतूंचे पैसे कमी करणार का?” वरच्या ऑफिसला विचारून सांगतो म्हणाला. तिसरा ‘सोलॅरियम’, म्हणजे डोक्यावरही काच. याला आमच्या गावात भट्टी असा शब्द आहे आणि तीत बसायला फुटाणे असावं लागतं. चौथा प्रकार ‘स्क्रीन रूम’. यात काच नाहीच. नुसती बारीक जाळी. वारा येतो, डास येत नाही. चारांत अकलेचा हा एकच. पण तो सगळ्यांत स्वस्त असल्यामुळे मुलाने ते पान भरकन उलटलं.

मी कॉमर्सचा पदवीधर. आमचा आणि सूर्याचा संबंध ३१ मार्चला तो लवकर मावळू नये, एवढ्यापुरताच. तरीपण चार लाख साठ हजारांचा आकडा समोर आला की माणूस भूगोलही वाचतो. मी वाचला.

काचेच्या खोलीचं मूळ गाव इंग्लंड आणि तिच्या आसपासची थंडगार वस्ती. लंडन साडेएक्कावन्न अंशांवर. तिथे डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम पंधरा अंश वर येतो आणि चारच्या आत मावळतो. आमच्या बँकेत सुद्धा कुणी एवढं उशिरा येऊन एवढं लवकर जात नाही. अशा पाहुण्याला धरून ठेवायला त्या लोकांनी काच लावली, तर त्यांचं काय चुकलं? शिवाय ती काचही त्यांना सुखासुखी मिळाली नाही. त्यांच्या सरकारने १६९६ पासून घराच्या खिडक्या मोजून कर घेतला. लोकांनी तो वाचवायला खिडक्या विटांनी चिणल्या. काचेवर वेगळा कर होता, तो १८४५ साली उठला, आणि खिडक्यांवरचा १८५१ साली. त्याच १८५१ साली लंडनला प्रदर्शनासाठी ‘क्रिस्टल पॅलेस’ नावाचा अवाढव्य काचमहाल उभा राहिला. तो बांधणारा जोसेफ पॅक्स्टन हा मूळचा माळी. त्याआधी तो झाडांसाठी काचघरं बांधत होता. आपल्याकडे बंगलोरच्या लालबागेत १८८९ साली त्या महालावर बेतलेलं काचघर झालं, ते अजून आहे. तिथे फुलांची प्रदर्शनं भरतात. मुद्दा लक्षात आला ना? काचेची खोली ही मुळात झाडांसाठी काढलेली आहे. थंड देशात जी गरम हवेची झाडं जगत नाहीत, त्यांना जगवण्यासाठी. मी गरम हवेतच उगवलेलं झाड आहे. मला काचेत ठेवायचं कारण नाही.

आता आमचा सूर्य घ्या. वळसंग साडेसतरा अंशांच्या आसपास. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला तो भर दुपारी बरोबर टाळूवर येतो. इतका, की खांबाची सावली खांबाच्याच पायाशी गोळा होते आणि एस.टी.च्या रांगेतली आमची सगळी शिस्त मोडते. याच सूर्याला काच काय करते? ऊन आत घेते. त्या उन्हाने फरशी, खुर्ची, माणूस तापतो आणि ती उष्णता परत फेकतो, पण तिला बाहेर जाऊ देत नाही. गरम झालेली हवा एरवी वर चढून निघून गेली असती, तिलाही कोंडते. थोडक्यात, ही मुदतठेव आहे. भरणा चालू, मुदतीआधी काढता येणार नाही. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत जो कधी दुपारी बसला आहे, त्याने सनरूम पाहिलेली आहे; फक्त तिला चाकं होती.

यावर मेव्हण्याने फोनवरून शेवटचं अस्त्र काढलं. “दाजी, आप्पांना डी व्हिटॅमिन मिळेल की!” मी तेही वाचलं होतं. कातडीत ‘ड’ जीवनसत्त्व तयार करणारे जे अतिनील किरण असतात, ते साधी खिडकीची काच बहुतेक सगळे अडवते. म्हणजे ही बया उन्हातला औषधी भाग बाहेर ठेवते आणि चटका तेवढा आत घेते. मग तो चटका घालवायला एसी. आमच्याच तालुक्यात फताटेवाडीला एनटीपीसीचं १,३२० मेगावॉटचं वीज केंद्र आहे. म्हणजे सोलापूरच्या उन्हात बसून सोलापूरचं ऊन काढून टाकण्यासाठी सोलापुरातच कोळसा जाळायचा. व्यवहार म्हणून तरी हा कुठल्या वहीत बसतो?

तुम्ही म्हणाल, वाचून लिहितोय, पाहिलंय कुठे? पाहिलंय. जुळे सोलापुरात राहणाऱ्या आमच्या एका सहकाऱ्याने तीन वर्षांपूर्वी गच्चीवर अशी खोली काढली. मी मुद्दाम एप्रिलात गेलो, सकाळी दहाला. दार उघडलं तसा चेहऱ्यावर कुकरचं झाकण काढल्यासारखा हबका आला. वेताच्या खुर्च्यांवर चादरी पांघरलेल्या. काचेला आतून पडदे, पडद्यामागे वर्तमानपत्रं डकवलेली. ऊन यावं म्हणून काच आणि ते येऊ नये म्हणून पडदा, दोन्हींचे हप्ते वेगवेगळे. कुंड्यांतली तीन झाडं गेलेली होती. चौथं प्लॅस्टिकचं होतं, तेही वाकलं होतं. आणि खोलीच्या मधोमध, एका जुन्या साडीवर, ओळीने कुरडया घातलेल्या.

“त्या मात्र छान वाळतात हो,” वहिनी म्हणाल्या. “दार तेवढं किलकिलं ठेवायचं, नाहीतर वाफ धरते.”

सहकारी काही बोलला नाही. अजून सात वर्षं त्याच्या पगारातून कुरडयांचं कर्ज कापलं जाणार आहे.

आता आमची ओसरी. माझ्या आजोबांना ही जागा स्वस्तात मिळाली, कारण तोंड दक्षिणेला. दक्षिण म्हणजे यमाची दिशा, म्हणून गावात कुणी घ्यायला तयार नव्हतं. आजोबांचं म्हणणं, यमाला पत्ता सांगावा लागत नाही, तो उत्तरेच्या दारानेही येतो. त्यांनी दगडी जोतं घातलं, आठ फूट खोल ओसरी काढली, पश्चिमेला जाड दगडी भिंत घातली आणि वळचण सात फुटांवर ठेवली. मी परवा टेप, कागद आणि पोराचं कंपासपेटीतलं कोनमापक घेऊन बसलो. डिसेंबरात आमच्याकडे दुपारचा सूर्य दक्षिणेला एकोणपन्नास अंशांवर असतो. सात फुटांच्या वळचणीखालून त्याचं ऊन बरोबर सहा फूट आत येतं, म्हणजे बसलेल्या माणसाच्या मांडीपर्यंत. जसजसा उन्हाळा चढतो तसं ते एकेक वीत मागे सरकतं. मेमध्ये सूर्य डोक्यावर, ऊन जोत्याबाहेर. जूनमध्ये तर तो कलून उत्तरेला, घराच्या मागेच जातो. दुपारनंतरचं तिरपं ऊन पश्चिमेची भिंत अंगावर घेते. हवं तेव्हा ऊन येतं, नको तेव्हा जातं. बटण नाही, हप्ता नाही, वरच्या ऑफिसला विचारणं नाही. चौथी शिकलेल्या माणसाने पंचांग आणि डोळे वापरून हे बांधलं आणि त्याच्या नातवाला ते कळायला बी.कॉम. व्हावं लागलं.

त्या टायवाल्या मुलालाही मी हे सगळं तपशिलात सांगत होतो. मध्येच लक्षात आलं की तो “हो सर” म्हणत नाहीये. अडीचच्या उन्हात सोलापूरहून दुचाकीवर आलेलं पोर. हिने त्याला आधी गुळाचा खडा आणि पाणी, मग ताक दिलं होतं. आप्पा म्हणाले होते, “टेक की जरा भिंतीला.” तो टेकला, आणि माहितीपत्रक डोक्याखाली घेऊन ओसरीच्या गार फरशीवर झोपला. सव्वाचारला उठला. माझ्या बाजूचा सगळ्यांत बिनतोड पुरावा तोवर घोरत होता आणि नेमका त्या वेळी मेव्हणा फोन उचलत नव्हता.

इथे एक कबुली द्यायला हवी, नाहीतर वाचक म्हणतील, हा जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांपैकी दिसतो. तसं नाही. या ओसरीवर आणि आतल्या घरावर पूर्वी माळवद होतं. लाकडी तुळया, त्यांवर काटक्या, आणि वर पांढऱ्या मातीचा हात-दीड हात थर. आत मे महिन्यातही माठासारखं गार. माळवदाला मध्ये एक भोक असायचं. आमच्याकडे त्याला सवणं म्हणत. त्यातून उन्हाचा एक कवडसा पडायचा, ताटाएवढा. सकाळी तो भिंतीवर, जेवणाच्या वेळी चुलीपाशी आणि शाळा सुटायच्या सुमारास धान्याच्या कणगीवर. पाऊस आला की वर जाऊन सवण्यावर घमेलं पालथं घालायचं, ते काम माझं. आमची सनरूम तेवढीच होती आणि ती घरभर फिरायची.

मग १९९३ साली, ३० सप्टेंबरच्या पहाटे, किल्लारीला भूकंप झाला. मी तेव्हा चौदा वर्षांचा. आमच्याकडे भांडी वाजली, तुळईतून माती गळली आणि आप्पांनी आम्हाला ओढून अंगणात आणलं. लातूर-उस्मानाबादकडे हजारो माणसं गेली, आणि त्यांतली कितीतरी याच असल्या जड माळवदाखाली आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली झोपेत गाडली गेली. त्यानंतर कित्येक रात्री आप्पा ओसरीत कंदील ठेवून जागे बसत आणि वर बघत. दिवाळीच्या आधी त्यांनी स्वतःच्या हातांनी ती माती उतरवली. गाडीगाडीने गावाबाहेर टाकली आणि भिंती डागडुजी करून वर पत्रा घातला. सवणं मातीबरोबर गेलं. पत्र्याखाली उन्हाळ्यात उकडतं; आम्ही वर तुराट्या अंथरतो आणि सहन करतो. तेव्हा माळवदासाठी मी गळा काढणार नाही. ज्या छताखाली बापाला झोप येत नाही ते कितीही गार असलं तरी काय करायचं? पण मातीची भीती गेली म्हणून काचेची हौस करावी, हेही मला पटत नाही.

आणि खरं सांगायचं तर उकाडा हा माझा दुय्यम मुद्दा आहे. उकाडा एसीने मिटेल. काचेशी माझं भांडण वेगळंच आहे, आणि ते मला बँकेने शिकवलं.

२०२० साली करोनात आमच्या काउंटरवर काच बसली. योग्यच होतं. करोना गेला, काच राहिली. तिला खाली अर्धगोल खाच आहे, तीतून पासबुक जातं. आवाज जात नाही. निराधार योजनेचे पैसे घ्यायला आमच्या गावची एक म्हातारी येते. पूर्वी ती पुढे वाकून पुटपुटायची, “आलेत का रं? किती आलेत?” मी तितक्याच हळू सांगायचो. काही रक्कम खात्यावर राहू द्यायची, मुलाला कळू द्यायची नाही, असा आमचा तिच्या बाजूने न लिहिलेला करार होता. काच बसल्यावर ती पुटपुटली. मला ऐकू आलं नाही. “मोठ्यानं बोला आज्जी!” ती मोठ्याने बोलली. मी मोठ्याने उत्तर दिलं. मागे उभ्या असलेल्या मुलाने ते व्यवस्थित ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत पैसे संपले. त्याच भिंतीवर ‘ग्राहकाच्या माहितीची गुप्तता राखली जाते’ अशी पाटी आहे.

त्यानंतर ती म्हातारी काउंटरवर फक्त अंगठा देते. विचारायचं ते विचारायला दिवेलागणीला आमच्या ओसरीवर येते. पासबुक पदराखालून काढते, मी शेवटची ओळ वाचून दाखवतो, ती मान हलवते, आप्पांशी दोन वाक्यं कानडीत बोलते आणि जाते. दार वाजवत नाही, कारण ओसरीला दारच नाही. पायरीवर पाय ठेवला की माणूस आलेला असतो. आता इथे काच बसवली, तिला सरकतं दार, दाराला कुलूप आणि आत वेताच्या खुर्च्या, तर ती आत येईल का? ती काचेबाहेर उभी राहून आत बघेल, आम्ही मत्स्यालयातल्या माशांसारखे तोंडं हलवू, आणि ती परत जाईल. दिवसभर काचेच्या अलीकडे बसून मी पगार घेतो. घरी येऊन पुन्हा काचेच्या अलीकडे बसायला चार लाख साठ हजार मी द्यायचे?

हे मी एका रविवारी सगळ्यांना ऐकवलं. घरचेच श्रोते, आप्पा, ही, आणि फोनच्या स्पीकरवर मेव्हणा. बोलता बोलता मला चांगलाच जोर चढला होता. ओसरी म्हणजे सगळ्यांसाठी उघडं घर, असं काहीतरी वाक्य मी टाकलं. तेव्हा आप्पा म्हणाले, “सगळ्यांसाठी कधी होती रे?”

मी थांबलो. ते खरं होतं. आजोबांच्या काळी या ओसरीवर कुणी जोत्यावर बसायचं, कुणी पायरीवर आणि कुणी पायरीखाली मातीत; ज्याची त्याची जागा ठरलेली. ती जातीने ठरायची. याच वळसंगात गावच्या पाणवठ्यावर पाणी मिळेना म्हणून दलित वस्तीने स्वतः राबून विहीर खोदली आणि तिच्या उद्घाटनाला १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. ती विहीर आजही गावात दाखवतात. आमच्या ओसरीला दार नव्हतं हे खरं. तरी बंद होतीच. जी म्हातारी आज पासबुक घेऊन वर चढते, तिची सासू पायरीपाशी थांबायची, हे आप्पांनी स्वतः पाहिलेलं. फरक इतकाच, की उघड्या जागेतली रेघ पुसता येते; कुणीतरी एक दिवस पाय वर ठेवतं, घरातलं कुणी कुरकुरतं, कुणी ‘बस गं’ म्हणतं. आमच्याकडे ते ‘बस गं’ माझी आई म्हणाली होती. काचेवर असा पाय ठेवता येत नाही.

एवढं सावरून घेतो न घेतो, तोच ही बोलली. हातातलं जोंधळ्याचं सूप खाली ठेवून.

“आणि मी?”

“तू काय?”

“तुमचं ओसरीपुराण ऐकून घेतलं. लग्नाला एकवीस वर्षं झाली. या ओसरीवर मी किती वेळा बसले, तेवढं सांगा. झाडायला येते ते सोडून.”

मला हिशेब येतो. मी मनात आकडेमोड केली. सकाळी आप्पा आणि त्यांची मंडळी. दुपारी कुणी ना कुणी आडवा झालेला. संध्याकाळी माझी मित्रमंडळी. चहाचा ट्रे आतून येतो आणि रिकामा आत जातो. उत्तर शून्य येत होतं. मी ते पुन्हा तपासलं. कॅश जुळेना की करतो तसं तीनदा तपासलं.

“मला काच नको होती,” ही म्हणाली. “उन्हाचं कौतुक मला पण नाही. त्या चित्रात ती बाई एकटी, स्वस्थ बसलीय ना, तेवढंच मला आवडलं होतं.”

स्पीकरवरून मेव्हणा म्हणाला, “ताई, मी तेच म्हणत होतो.” तो ते म्हणत नव्हता. पण माझ्याही भाषणात ते कुठे नव्हतं, म्हणून मी गप्प राहिलो. इतिहास, भूगोल, वीज, जीवनसत्त्व, सगळं मी बघितलं होतं. चित्रातली बाई मात्र फक्त घाम पुसण्यापुरती बघितली होती.

आप्पांनी घसा खाकरला. आपली घोंगडी उचलली, ओसरीच्या पूर्वेच्या टोकाला नेऊन टाकली आणि म्हणाले, “भिंतीकडचं टोक सुनेचं. गार हाय तिकडं.” त्यांची मंडळी दुसऱ्या दिवशी आली, जरा चुळबुळली, एकाने “काय आप्पा, बदली झाली काय?” विचारलं. चार दिवसांत सगळ्यांना सवय झाली. हिने पश्चिमेच्या भिंतीला लाकडी झोपाळा टांगून घेतला. पहिले काही दिवस ती त्यावर काहीतरी निवडत बसायची. नुसतं बसायला लाज वाटते म्हणाली. आता नुसती बसते. मी ऑफिसातून आलो की चहा कुणी करायचा हा प्रश्न त्यामुळे नव्याने निघाला आहे, पण तो या लेखाचा विषय नाही.

पैशाचं म्हणाल, तर गंजलेला पत्रा बदलला आणि खाली बांबूच्या तट्ट्यांचं छत बांधलं. दोघांच्या मधल्या पोकळीतून वारा खेळतो आणि दुपारी पूर्वीइतकं उकडत नाही. पत्रेवाला सवण्याचं ऐकून हसला, तरी त्याने माझ्या हट्टासाठी एका जागी पत्र्याऐवजी हातभर पारदर्शक तुकडा बसवला आणि तट्ट्याला तिथे भोक पाडलं. कवडसा सकाळी भिंतीवर असतो आणि तीनच्या सुमारास झोपाळ्यापाशी. सगळं मिळून सनरूमच्या सातव्या हिश्श्यात झालं. कर्ज काढावं लागलं नाही. शाखेत मॅनेजर जरा नाराज आहेत.

काचेचा एक तुकडा मात्र घेतला. जुळे सोलापूरच्या वहिनींचं वाक्य हिच्या डोक्यात राहिलं होतं. सुताराकडून तीन फूट बाय चार फुटांची एक पेटी करून घेतली. तळाला जाळी, वर काचेचं झाकण, वाफ निघून जायला बाजूंना भोकं. ती परसात पूर्ण उन्हात ठेवली आहे. धूळ नाही, कावळा नाही, शेजारची शेळी तर काचेला नाक लावून नुसती बघते.

परवा त्या मुलाचा फोन आला होता. आवाजात आशा होती.

“सर, टाईप फायनल झाला का?”

“झाला,” मी म्हटलं. “थ्री बाय फोर. आत सध्या सांडगे आहेत.”

तो जरा थांबला. मग त्याने विचारलं, पुढच्या आठवड्यात अक्कलकोटला एक माप घ्यायला जायचं आहे, वाटेत दुपारी ओसरीवर थोडा वेळ टेकलं तर चालेल का.